बोडीतल्या गोगलगायींवर रिठा चालतो का, आणि किती लागतो

प्रश्न थोडक्यात असा: भंडारा जिल्ह्यात घराला लागून एक बोडी, म्हणजे छोटं तळं आहे. नऊ म्हशी तिथेच पाणी पितात आणि काठचं गवत खातात. हिवाळ्यात तीन म्हशींच्या जबड्याखाली सूज आली, दूध तुटलं. शेण तपासलं तर लिव्हर फ्ल्यूकची, म्हणजे यकृतातल्या चपट्या जंतांची अंडी निघाली. औषध दिलं, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. काठाला गोगलगायींचा खच आहे. इथिओपियात ‘एंडोड’ नावाच्या झाडाच्या फळांनी गोगलगायी मारतात असं ऐकलं. ते झाड इथे मिळत नाही, मग रिठा चालेल का, आणि एकरी किती टाकायचा?

रिठा चालेल, पण ‘एकरी किती’ हा हिशोब इथे लागू पडत नाही. खत जमिनीवर पसरतं, हे औषध पाण्यात विरघळतं. त्यामुळे मोजायचं ते पाणी, क्षेत्र नाही. दुसरं असं की बादलीतली गोगलगाय जवळजवळ कशानेही मरते. रिठा, शिकेकाई, लसूण, कडुनिंब, शेराचा चीक, काहीही घाला. गोरखपूर विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाने आपल्याकडच्याच गोगलगायींवर अशा कितीतरी वनस्पती तपासल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच लागू पडतात. तळ्यात मात्र यातल्या बहुतेक फसतात. वनस्पती कमी पडते म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा पाणी मोजलेलं नसतं, वेळ चुकलेली असते, किंवा एकदाच टाकून माणूस मोकळा झालेला असतो.

आधी गोगलगाय ओळखा, कारण काठावरची प्रत्येक गोगलगाय दोषी नसते. पाच-पन्नास गोळा करा, पण हातमोजे घालून. एकेक शंख टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. शंख पातळ, जवळजवळ पारदर्शक, टोकदार, तोंड मोठं आणि ते उजव्या हाताला आलं, तोंडावर झाकण नाही: ही लिम्निया. लिव्हर फ्ल्यूक हिच्याच अंगात वाढतो. तशीच दिसणारी पण तोंड डाव्या हाताला असलेली फायसा. गटाराच्या पाण्यात ती भरपूर असते, फ्ल्यूकशी तिचा संबंध नाही. जिलबीसारखी चपटी वेटोळी, तपकिरी-काळी आणि टोचली तर लाल रक्त येणारी ती इंडोप्लॅनॉर्बिस. गुरांच्या रुमेनमधले (पहिल्या पोटातले) अँफिस्टोम जंत, नाकातला आणि रक्तातला शिस्टोसोमा जंत हिच्यामार्फत पसरतात. बोडीत उतरलं की पायांना पुरळ येऊन खाज सुटत असेल, तर संशय हिच्यावर घ्या. जनावरांच्या शिस्टोसोमाची पिल्लं माणसाच्या कातडीत शिरतात आणि तिथेच मरतात. ती खाज त्याची.

तोंडाला कडक झाकण असलेल्या जाड शंखाच्या मोठ्या गोगलगायी तुमच्या म्हशींच्या फ्ल्यूकच्या नव्हेत. त्या मारायला जाऊ नका. शिवाय पाण्यात काही वेगळं जाणवलं की त्या झाकण लावून बसतात आणि मोठ्या मात्रेतही तगतात. ‘रिठा टाकला पण गोगलगायी जिवंतच’ ही तक्रार पुष्कळदा अशा झाकणवाल्या बघून केलेली असते.

आता एंडोडची गोष्ट, कारण त्यातून रिठ्यासाठीही शिकण्यासारखं आहे. फायटोलाका डोडेकांड्रा ही इथिओपियातली चढणारी झुडुपवजा वनस्पती. तिची फळं तिथल्या बायका साबणासारखी कपडे धुवायला पिढ्यान् पिढ्या वापरतात. १९६४ मध्ये आक्लिलू लेम्मा या इथिओपियन शास्त्रज्ञाला आड्वा गावाजवळच्या ओढ्यात दिसलं की धुण्याच्या जागेच्या खालच्या अंगाला मेलेल्या गोगलगायी तरंगतायत, वरच्या अंगाला मात्र जिवंत आहेत. तिथला प्रश्न माणसांचा होता: बायोम्फॅलेरिया गोगलगायीतून पसरणारा आतड्याचा शिस्टोसोमियासिस. आड्व्यात पाच वर्षं ओढ्यांत एंडोड सोडल्यावर लागण ६३ टक्क्यांवरून जवळपास निम्म्यावर आली, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलांत ५० वरून ७ टक्क्यांवर. लहान मुलांचा आकडा जास्त बोलका, कारण त्यांची लागण नवीन असते. मोठ्यांच्या अंगातले जुने जंत गोगलगाय मारून जात नाहीत. तुमच्या म्हशींनाही हेच लागू आहे, त्याकडे शेवटी येतो. १९८९ मध्ये लेम्मा आणि त्यांचे सहकारी लेगेसे वोल्डे-योहानिस यांना या कामासाठी राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.

एंडोडमध्ये मारक आहे ते सॅपोनिन, म्हणजे फेस आणणाराच पदार्थ. पण फेस आणि मारकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक इथेच घसरतात. अख्ख्या फळात हा सॅपोनिन साखरेच्या दोन साखळ्या लागलेल्या रूपात असतो. तसा तो फेस छान देतो, पण गोगलगायीला फारसा लागत नाही. फळ वाळवून दळलं आणि साध्या पाण्यात घातलं, की फळातलंच एन्झाइम एक साखळी तोडतं आणि मग तो मारक होतो. म्हणून एंडोड थंड पाण्यात भिजवतात. उकळत्या पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये घातला तर एन्झाइमच मरतं आणि फेसाळ पण निरुपद्रवी पाणी हाती येतं. फळं घ्यायची तीही पूर्ण भरलेली पण हिरवी. पिकून लाल झाली की जोर उतरतो. झाडागणिक फरक इतका की ठिकठिकाणची झाडं तपासून ‘४४’ क्रमांकाची जात निवडावी लागली. एवढं जमूनही एंडोड जगभर पसरला नाही. विषारीपणाच्या चाचण्यांचा खर्च, फळं गोळा करायची मजुरी आणि माणसांसाठी आलेलं प्राझिक्वांटेल हे स्वस्त गोळीचं औषध, अशी त्याची कारणं. बी कुठून मागवायच्या फंदात पडू नका. परदेशी झाडाच्या बियांना क्वारंटाइनचे नियम आहेत, आणि गरजही नाही.

रिठ्याचे सॅपोनिन बहुतांशी एका साखळीचेच, त्यामुळे एन्झाइमची भानगड त्यात नाही. तरीही थंड पाण्यातच भिजवा. उकळून लाकूड जाळण्यापलीकडे काही साधत नाही. विदर्भ-खानदेशाच्या कोरड्या भागात हिंगणबेट आहे. त्याच्या फळाने गोगलगायी मराव्यात म्हणून १९३३ मध्येच सुदानमध्ये आर्चिबाल्ड यांनी ही झाडं पाणवठ्यांवर लावायची सूचना केली होती. बाभळीच्या शेंगांवरही सुदानमध्ये काम झालंय. तिथे मारतं ते टॅनिन. मोहाची पेंड तुमच्या भागात सहज मिळते आणि मत्स्यतलावात नको असलेले मासे मारायला ती २०० ते २५० पीपीएमला (लिटरला तेवढे मिलिग्रॅम) वापरतात, म्हणजे एक मीटर खोल पाण्याला हेक्टरी दोन ते अडीच टन. त्यातला मोव्हरिन हाही सॅपोनिनच. पण पेंड पाण्यात कुजते, ऑक्सिजन खाते, आणि तिचा विषारीपणा दोन-तीन आठवडे टिकतो. गुरांच्या पाणवठ्यावर ती मी सुचवणार नाही.

काही गोष्टी तर हातात घेऊच नका. शेर किंवा कुठल्याही युफोर्बियाचा चीक गोगलगायीवर फार जहाल आहे. ब्राझीलमध्ये काटेरी मुकुट या युफोर्बियाच्या चिकावर बरंच संशोधन झालंय. पण डोळ्यात गेला तर डोळा जायची वेळ येते. कण्हेरीने गोगलगाय मरते आणि म्हैसही मरते. थोड्या पानांनीही हृदय बंद पाडणारं झाड पाण्यात घालायचं नसतं. काजूच्या टरफलाचं तेल कोकणात मुबलक, त्यातलं अ‍ॅनाकार्डिक आम्ल अगदी कमी मात्रेत गोगलगाय मारतं, पण हात भाजून निघतात. मोरचूद (कॉपर सल्फेट) ही जुनी युक्ती. तांबं गाळात साठत राहतं आणि मेंढ्यांना ते फार थोडंही सोसत नाही.

आता रिठा किती, हे तुमच्याच गोगलगायीवर, तुमच्याच बोडीच्या पाण्यात काढावं लागतं. रिठ्याच्या जोरात झाड, हंगाम, साठवण यांनी फरक पडतो, आणि पुस्तकातला आकडा दुसऱ्या कुणाच्या रिठ्याचा असतो. चाचणीला दोन दिवस आणि दहा ग्रॅम पूड पुरते.

फळं फोडून बी काढून टाका. बी कडक, बिनकामाचं, आणि फळाच्या वजनात निम्म्याच्या आसपास तेच भरतं. बियांसकट दळून वजन धरलं तर मात्रा तिथेच निम्मी होते. साल उन्हात कुरकुरीत वाळवा. ओलसर साल दळताना चिकटते आणि गोळे होतात. नाकातोंडाला फडकं बांधून दळा, नाहीतर दिवसभर शिंकत बसाल. मैद्याच्या चाळणीने चाळा. १० ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी ढवळून मांजरपाटातून गाळा. या पाण्याच्या दर मिलिलिटरमागे १० मिलिग्रॅम पूड आली. आता पाच बरण्या घ्या, प्रत्येकीत एक लिटर बोडीचं पाणी. नळाचं किंवा विहिरीचं नको. बोडीतला गाळ औषधाचा काही भाग खातो, तोही हिशोबात यायला हवा. पहिलीत काही घालू नका. बाकीच्या चारांतून अनुक्रमे २.५, ५, १० आणि २० मिलिलिटर पाणी काढून टाकून तेवढाच अर्क घाला. म्हणजे लिटरला २५, ५०, १०० आणि २०० मिलिग्रॅम झाले. मोजायला बिनसुईची इंजेक्शनची सिरिंज उत्तम.

प्रत्येक बरणीत सारख्या आकाराच्या दहा लिम्निया सोडा. त्या आदल्या दिवशी गोळा करून साध्या पाण्यात ठेवलेल्या असाव्यात, म्हणजे धक्क्याने मरणाऱ्या आधीच गळतात. तोंडाला मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधा. न बांधलेल्या बरणीत सकाळी दिसतं ते असं: पाण्यात तीन मेलेल्या, आणि सात जणी काचेवर पाण्याच्या रेषेच्या बोटभर वर चिकटून सुखरूप बसलेल्या. लिम्निया पाणी चावायला लागलं की बाहेर चढते. तळ्यातही ती हेच करते, म्हणून हे दृश्य लक्षात ठेवा.

२४ तासांनी गोगलगायी धुऊन स्वच्छ पाण्यात आणखी २४ तास ठेवा आणि मगच मोजा. पहिल्या दिवशी निपचित दिसणाऱ्या काही शुद्धीवर येतात. सॅपोनिनमुळे आधी त्या आत ओढल्या जातात, कधी फुगून शंखाबाहेर लोंबतात, पण तेवढ्यावर मेल्या म्हणायचं नाही. सुईने हळू टोचा. हालचाल नाही, पातळ शंखातून भिंगाने पाहिलं तर ठोके नाहीत, दुसऱ्या दिवशी वास सुटला, म्हणजे मेली. औषध न घातलेल्या बरणीत एकाहून जास्त मेल्या तर चाचणी रद्द. पाणी किंवा गोगलगायीच खराब होत्या. तीनदा करा. ज्या मात्रेला सातत्याने नऊ-दहा मरतात, ती तुमची मात्रा. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना निकष असा की कच्च्या वनस्पतीने लिटरला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेत २४ तासांत ९० टक्के गोगलगायी माराव्यात. तुमच्या रिठ्याला २०० लागत असतील तर दुसरा रिठा शोधा. तेवढा माल वाहून आणणं परवडत नाही. तुलनेसाठी, चांगल्या जातीचा एंडोड वीसच्या आतबाहेर पुरतो.

बोडीत टाकताना ही मात्रा दीडपट ते दुप्पट धरा. गाळ, शेवाळ, शेण हे सगळे औषध पकडून बसतात.

आता पाणी मोजा. खुणा केलेला बांबू घेऊन दहा ठिकाणी खोली पाहा आणि सरासरी काढा. उतरता काठ असेल तर सरासरी ही सगळ्यात खोल जागेच्या निम्म्याच्या आसपास येते, आणि लोक नेमकी सगळ्यात खोल जागा धरून हिशोब करतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये. येतात ते घनमीटर. एका घनमीटरला एक ग्रॅम म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम. समजा बोडी ५० बाय ४० मीटर, सरासरी खोली सव्वा मीटर: २,५०० घनमीटर. लिटरला १०० मिलिग्रॅमने २५० किलो साल, म्हणजे सुमारे अर्धा टन अख्खा रिठा, आणि दीड-दुपटीने त्याहून किती तरी. एवढं कुणी टाकत नाही, आणि टाकूही नये. तुमच्या भागातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर तर बहुतेक ठिकाणी मासेमार संस्थेचा ठेका असतो. सॅपोनिन माशाच्या कल्ल्यांतल्या पेशी फोडतो, आणि गोगलगायीला पुरणारी मात्रा माशालाही पुरते. बेडकांची पिल्लंही जातात. वनस्पतीचं औषध म्हणजे निरुपद्रवी, हा समज इथे चालत नाही. म्हशीच्या पोटात गेलं तर मात्र ते आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, म्हणून गुरांना त्या मानाने धोका कमी.

करायचं काय, तर म्हशी जिथे उतरतात तो घाट वेगळा काढायचा. गोगलगायींना खाणं तिथेच मिळतं, शेण तिथेच पडतं, फ्ल्यूकची अंडी तिथेच फुटतात. माती भरलेल्या पोत्यांचा, पाण्याच्या वर येईल एवढा बांध घालून घाटाचा १२ बाय ६ मीटरचा तुकडा बाकी पाण्यापासून अडवा. सरासरी खोली ०.४ मीटर असेल तर पाणी २८.८ घनमीटर. चाचणीत १०० आली असेल तर २.९ किलो; दुपटीने ५.८ किलो पूड. हे आवाक्यातलं आहे. पोत्यांच्या फटी ओल्या चिकणमातीने लिंपा, नाहीतर रात्रीतून अर्क झिरपून पलीकडच्या माशांपर्यंत जातो आणि इकडची मात्रा उतरते.

बांध घातल्यावर आधी तण काढा. बेशरम, जलपर्णी, पाण्यातलं गवत ओढून काढा आणि काठापासून लांब, उन्हात पसरा. पानांच्या खालच्या बाजूला पारदर्शक जेलीच्या अळीसारख्या पट्ट्या दिसतील. ती लिम्नियाची अंडी. औषधाआधी त्यांना बाहेर काढणं महत्त्वाचं, कारण रिठा असो की एंडोड, गोगलगाय मारणारी मात्रा अंड्यांना मारत नाही. जेली औषध आत जाऊ देत नाही.

पूड आदल्या संध्याकाळी दोन ड्रममध्ये मिळून ६० लिटर पाण्यात भिजवा. सकाळी गाळा, चोथा पुन्हा ३० लिटरने धुवा आणि तेही मिसळा. त्याच दिवशी वापरा. उरलेला अर्क आंबतो आणि त्याची मात्रा मग कुणालाच सांगता येत नाही. पाठीवरच्या १५ लिटरच्या पंपात भरताना नळी तळापर्यंत सोडून सावकाश ओता, नाहीतर पंप फेसानेच भरतो. दोन थेंब गोडेतेल टाकलं की फेस बसतो. दुहेरी कापडातून गाळलं नाही तर नोझल पाच मिनिटांत चोंदतं. चष्मा लावा, रिठा डोळ्यात गेला की डोळा दिवसभर लाल. सहा पंपांपैकी पहिला काठाच्या कोरड्या बाजूला मारा, पाण्याच्या रेषेपासून अर्धा मीटर वरपर्यंत, ओल्या मातीवर आणि दगडांच्या खालच्या अंगाला. बरणीच्या काचेवर चढलेल्या त्या सात जणी इथे असतात. बाकीचे पंप बाहेरून आत पाण्यात, आणि शेवटी बांबूने पाणी ढवळा. सॅपोनिनचं पाणी आपोआप सगळीकडे मिसळत नाही.

बोडीतून बांधीकडे (धानाच्या वाफ्याकडे) पाणी वाहणारा पाट असेल तर तिथे एकदा ओतून उपयोग नाही. दोन मिनिटांत ते पुढे जातं. पाट बंद करता आला तर करा. नाहीच, तर प्रवाह मोजून आठ तास थेंब-थेंब सोडावं लागतं. सेकंदाला दोन लिटर वाहत असेल तर आठ तासांत ५७,६०० लिटर. लिटरला १०० मिलिग्रॅमने ५.८ किलो पूड. तिचा अर्क २०० लिटरच्या ड्रममध्ये करून मिनिटाला ४१७ मिलिलिटर सोडायचा. साध्या तोटीने हे जमत नाही, कारण ड्रम रिकामा होत जातो तशी धार बारीक होते आणि शेवटच्या तीन तासांत मात्रा अर्ध्यावर येते. ड्रमचं तोंड हवाबंद करा आणि झाकणातून एक नळी तोटीच्या जरा वरपर्यंत आत सोडा. हवा त्या नळीतूनच येते, त्यामुळे पाणी नळीच्या टोकाखाली उतरेपर्यंत धार सारखी राहते.

टाकण्यापूर्वी मच्छरदाणीच्या चार पिशव्यांत दहा-दहा लिम्निया घाला. तीन पिशव्या अडवलेल्या भागात वेगवेगळ्या खोलीवर बांधा, चौथी बांधाच्या पलीकडे. दुसऱ्या दिवशी तिन्हीत मेल्या आणि चौथीत जिवंत, तर काम नीट झालं. एकीत जिवंत राहिल्या तर त्या कोपऱ्यात अर्क पोचला नाही. चौथीतल्याही मेल्या तर बांध गळतोय, मासेवाल्यांना आजच सांगा. म्हशींना तीन दिवस हौदावर पाणी पाजा. नंतर पिशवीत ताज्या गोगलगायी आणि बरणीत दोन-चार छोटे मासे त्याच पाण्यात ठेवून पाहा. चोवीस तास जगले तर बांध काढा. मेलेल्या गोगलगायी जाळीने उपसून पुरा, नाहीतर पाणी सडतं आणि दोष रिठ्यावर येतो.

एकदा टाकून थांबलात तर सगळं वाया. अंडी गरम पाण्यात आठ ते बारा दिवसांत फुटतात आणि पिल्लं महिना-दीड महिन्यात अंडी घालायला लागतात. दुसरी मात्रा बाराव्या ते पंधराव्या दिवशी द्या, म्हणजे फुटून बाहेर आलेली पण अजून वयात न आलेली पिढी सापडते. त्यानंतर महिन्याने ठरलेल्या दहा जागी जाळी फिरवून मोजा आणि गरज असेल तर तिसरी. या गोगलगायी उभयलिंगी असतात आणि एकटीही अंडी घालू शकते, म्हणून ‘जवळजवळ संपल्या’ याला अर्थ नाही. हा एकदाचा निकाल नव्हे, दरवर्षीचं काम आहे.

वेळ कोणती? पावसाळ्यात अजिबात नाही. पाणी वाढतं, सांडव्यावरून वाहतं. एक वेळ ऑक्टोबरअखेर, सांडवा थांबल्यावर, पाणी उतरू लागून काठचं गवत उघडं पडायच्या आत. त्याच गवतावर फ्ल्यूकची पिल्लं कवच करून बसलेली असतात आणि म्हशी ते कवळं म्हणून ओढीने खातात. दुसरी मार्च-एप्रिल, जेव्हा पाणी सर्वांत कमी आणि गोगलगायी त्यात दाटलेल्या असतात. तिथे पूड निम्मीही लागत नाही. मेपर्यंत थांबू नका. बोडी आटायला लागली की गोगलगायी गाळात शिरून झोपतात आणि वरचं औषध त्यांना पोचत नाही. तुम्हाला या दोनांतली एकच जमणार असेल तर मार्च-एप्रिल निवडा.

आणि म्हशींना औषध. फ्ल्यूकचं अंडं पाण्यात पडल्यावर दोन-तीन आठवड्यांत फुटतं, पिल्लाला एका दिवसाच्या आत गोगलगाय सापडावी लागते, आणि एका पिल्लाची गोगलगायीच्या पोटात शेकडो होतात. म्हणजे एका म्हशीच्या शेणाने बोडी पुन्हा भरते. तुमच्याकडे दरवर्षी परत येतंय ते बहुधा यामुळे: गोगलगायी तशाच आणि औषध एकदाच. ट्रायक्लाबेंडाझोल यकृतातून फिरणाऱ्या पिल्लांनाही मारतं, ऑक्सिक्लोझानाईड फक्त मोठ्या जंतांना. तेव्हा कोणतं कधी द्यायचं हे महिन्यावर ठरतं. दुभत्या म्हशीला कोणतं चालेल आणि दूध किती दिवस वेगळं काढायचं हे पशुवैद्यांना विचारूनच. औषध आणि रिठा एकाच पंधरवड्यात पडले तर दोन्ही बाजू एकदम बंद होतात.

माणसांच्या धोक्याबद्दलही थोडं: माणसाच्या लघवीमार्गातल्या शिस्टोसोमाची भारतात नोंद झालेली ठळक जागा महाराष्ट्रातलीच, रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी. गाडगीळ आणि शाह यांनी १९५२ मध्ये ती नोंदवली; तिथली गोगलगाय फेरिसिया, वाटीच्या आकाराची, नखाहूनही लहान. तुमच्या बोडीतली भानगड ती नव्हे.

तणसाकडेही (धानाच्या पेंढ्याकडेही) लक्ष द्या. काठच्या बांध्यांतलं धान पाण्यात उभं असतं आणि फ्ल्यूकची कवचं काडीच्या खालच्या एक-तृतीयांश भागावर चिकटतात. कापणी वितभर वरून करा, आणि खालचा भाग खायला घालायचाच असेल तर उन्हात पसरून तीन-चार दिवस कडक वाळवा. गंजीच्या पोटातलं ओलसर तणस डिसेंबरात थेट गव्हाणीत टाकू नका.